मायसाठी मोठ्याचं कालवण

माय पडली तेव्हा घरात कुणी नव्हतं. भाऊ आणि भावजय सोयाबीन काढायच्या कामाला गेलेले. न्हाणीतल्या ओल्या दगडावरून तिचा पाय निसटला आणि ती कुशीवर आदळली. शेजारणीला तिची हाक ऐकू जाईपर्यंत तासभर ती तिथंच पडून होती. भावानं जीप करून तिला आधी बिलोलीला नेलं, तिथून नांदेडला. खुब्याचं हाड मोडलंय असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यानं मला फोन केला आणि एवढंच म्हणाला, "अक्का, मी तिला तुझ्याकडंच आणतो."

मी लातूरला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. नवरा देगलूरला नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा येतो. मुलगी नांदेडला शिकते. मी एका दुमजली घराच्या खालच्या भागात भाड्यानं राहत होते. वर घरमालकीण एकट्या राहायच्या, त्यांना मी काकू म्हणायची. मुखेडकडच्या बड्या शेतकऱ्याच्या घरातल्या. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना इथं घर बांधून दिलेलं.

मायचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं. खुब्यात सळई घातली. नऊ दिवसांनी मी तिला घरी आणलं आणि हॉलमध्ये खिडकीपाशी तिची खाट टाकली. हाड जागेवर बसलं होतं. जखम भरत होती. पण माय जेवेना.

भाकरीचा चतकोर मोडायची, दुधात बुडवायची, दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मी मुगाची खिचडी केली, अंड्याची पोळी केली, शेवयांची खीर केली. काकूंनी दह्याची वाटी पाठवली, एकदा धपाटे पाठवले. मायनं सगळ्याला हात लावला आणि सगळं तसंच ठेवलं. "लई केलंस माय, बस झालं," म्हणायची. लेकीलाही माय म्हणायची तिची रीत. तिसऱ्या आठवड्यात तिच्या दंडाची कातडी लोंबायला लागली. आमचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, असं चाललं तर त्या उठून उभ्या राहणार नाहीत. ताकद येईल असं काहीतरी पोटात जाऊ द्या."

मी रोज वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना सांगते की म्हाताऱ्या माणसाला काय आवडतं ते विचारा आणि तेच द्या. हे वाक्य मी हजारदा बोलले असेन. मायला मात्र विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं म्हणण्यापेक्षा, "काय खावंसं वाटतं गं?" असं मी विचारायची आणि ती "काय न्हाई" म्हणाली की मला बरं वाटायचं. कारण तिला काय आवडतं ते मला माहीत होतं.

एका शुक्रवारी भावाचा फोन आला. आधी त्यानं मायची चौकशी केली. मग म्हणाला, "अक्का, राग येऊ देऊ नको. एक बोलू का?"

"बोल की."

"मायला मोठ्याचं लागतंय. इथं महिन्या-दोन महिन्याला आम्ही करतोच. तुला म्हणायला ती लाजती."

आमच्याकडं शेळीचं ते बारकं आणि गाई-म्हशीचं ते मोठं. मोठ्याचं म्हटलं की आमच्या वस्तीत कुणाला जास्त सांगावं लागत नसे. गावाच्या खालच्या अंगाला वीस-पंचवीस घरं होती आमची. शेत कुणाकडंच नव्हतं. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, माय खुरपायला जायची. बारकं घेण्याची ऐपत कधीच नसायची. मोठ्याचं स्वस्त मिळायचं. ज्या दिवशी बाप धोतराच्या सोग्यात वाटा बांधून आणायचा त्या दिवशी आमच्या दारात सण असायचा. उरलेल्याच्या माय लांबट पट्ट्या कापायची, हळद-मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवायची. त्याला चान्या म्हणतात. पावसाळ्यात हाताला काम नसलं की त्याच चान्या निखाऱ्यावर भाजून, मिरची-लसणात कुटून भाकरीबरोबर खायच्या.

आठवीत मला नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. जाताना मायनं डब्यात भाजलेल्या चान्यांची चटणी भरून दिली. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलीशी माझी पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. आम्ही एकाच ताटात जेवायचो. तिनं ती चटणी दोन दिवस आवडीनं खाल्ली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "कशाची गं ही?" मी सांगितलं. लपवायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या वस्तीत लपवण्यासारखं ते काही नव्हतंच.

ती उठून नळापाशी गेली आणि ओकली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पंगतीला कुणी बसेना. वसतिगृहाच्या बाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "इथं असलं काही आणायचं नाही." त्या ओरडल्या नाहीत, मारलं नाही. नाकाला पदर मात्र लावला होता. मी चटणी गटारीत ओतली आणि डबा राखेनं चार वेळा घासला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा माय चुलीपुढं बसून कालवण ढवळत होती. माझ्या येण्यासाठीच तिनं ते केलं होतं. मी उंबऱ्यातच उभी राहून म्हणाले, "मी आता हे खाणार न्हाई. आणि मी असताना घरात शिजवू पण नको. माझ्या कपड्याला वास लागतो."

मायनं माझ्याकडं पाहिलं. हातातली पळी तशीच होती. "बरं," म्हणाली.

त्यानंतर मी घरी असताना आमच्या चुलीवर मोठ्याचं कधी शिजलं नाही. मी बारावी झाले, नर्सिंग केलं, लग्न झालं, बाळंतपणाला गेले. माझ्यासाठी डाळ शिजायची आणि सगळे डाळच खायचे. बापानं शेवटच्या आजारात एकदा मागितलं होतं असं मला नंतर कळलं. मी रजा काढून सेवेला गेले होते, म्हणून त्याला ते मिळालं नाही. हे भावानं सांगितलं तेही चिडून नव्हे, बोलण्याच्या ओघात. मी विषय बदलला होता.

आता फोन ठेवल्यावर मी खाटेपाशी गेले. माय डोळे मिटून पडली होती. झोपलेली नव्हती.

"माय, रविवारी सुट्टी हाय मला. मोठ्याचं करू का?"

तिनं डोळे उघडले. "कोण बोललं तुला? त्यो बोलला का? त्येला काय कळतंय."

"करू का सांग."

"इथं? ह्या घरात?" तिनं वरच्या मजल्याकडं बोट केलं. "मालकीणबाई हायती वरी. नकु माय. तुला तरास व्हईल."

"माझं मी बघते."

तिनं पांघरूण सारखं केलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणलंस तर नळी आण. नळीशिवाय रश्शाला अंग येत न्हाई."

रविवारी सकाळी मी तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटी काढली. लातूरच्या उन्हात सगळ्याच बायका तोंड बांधतात. त्या दिवशी मी उन्हासाठी बांधलं नव्हतं. जुन्या वस्तीतल्या त्या गल्लीत मी याआधी एकदाच गेले होते, एका पेशंटचं ड्रेसिंग करायला. दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. मी काय मागावं, कसं मागावं, हे मला सुचेना. आमच्या घरात हे बापाचं काम होतं.

"किसके वास्ते होना बेटी?" त्यांनीच विचारलं.

"आईसाठी. तिचं हाड मोडलंय. जेवत नाही."

"दांतां हैं क्या अम्मा को?"

"खालचे चार आहेत."

त्यांनी सुरा बाजूला ठेवला आणि टांगलेल्या मांसाकडं बघून विचार केला. "फिर सीने का लेव. चरबी रहती उसमें. और नल्ली देतूं दो. भैंस का है, टैम लगता. जल्दी नक्को करना. हल्लू पकाव."

आता म्हशीचंच मिळतं, बाकीचं कायद्यानं बंद आहे. ते त्यांनी मी न विचारताच स्पष्ट करून सांगितलं. हे सांगण्याची त्यांना सवय झालेली दिसली. पिशवीला वरून आणखी एक पिशवी गुंडाळत ते म्हणाले, "ऊपर से दिखता नै. आराम से जाव." मला काय वाटत होतं ते त्यांना कळलं होतं. मी पैसे दिले आणि मान खाली घालून निघाले. वाटेत दोनदा पिशवी चाचपून पाहिली.

घरी आल्यावर मी मायची खाट सरकवत स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. मला या कालवणातलं काही येत नव्हतं. नवऱ्याच्या घरी त्याच्या बापाच्या काळापासून वशाट, म्हणजे मटण-मासळी, बंद होतं. मी बारक्याचं कालवण बाहेरच्या बायकांचं बघून शिकले होते, तेही कुकरमध्ये. मी कुकर काढला तर माय खाटेवरून म्हणाली, "त्यो ठिव. कुकरमधी शिजतं, पर मुरत न्हाई. मोठं भगुनं न्हाई का तुझ्याकडं?"

होतं. जाड बुडाचं जर्मनचं, पाणी तापवायचं. ते घासून गॅसवर ठेवलं.

"तेल टाकू किती?"

"तेल कामून? आधी चरबी टाक. बारीक गॅसवर इतळू दे. तेच तेल."

चरबी हळूहळू पिवळी पडली, कडेनं तूप सुटल्यासारखं पाणी सुटलं. मग तिनं सांगितलं तसा आलं-लसणाचा गोळा टाकला, हळद टाकली आणि मांसाचे तुकडे टाकले. मी लगेच पाणी घालायला गेले.

"थांब. त्येचं त्येला पाणी सुटू दे. माणूस नवं आलं घरात तर आधी बसू देतो का न्हाई? तसं."

मी थांबले. पाणी सुटलं, वर करडा फेस आला. तो पळीनं काढून टाकला. मग मीठ, मग नळ्या, मग कढत पाणी. गार पाणी घालायचं नाही, मांस आखडतं. ताटावर पाणी ठेवून झाकायचं आणि तेच पाणी तापलं की आत सोडायचं. हे सगळं माय खाटेवरून बोलत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज बदलत होता. तीन आठवडे ती या घरात पाहुण्यासारखी बोलत होती, "घेऊ का", "चालंल का" करत. आता ती हुकूम सोडत होती.

"कांदे सोलू नकु. सालासकट जाळावर ठिव. वरून काळं झालं पायजे."

गॅसच्या आचेवर जाळी ठेवून मी तीन कांदे भाजले, खोबऱ्याची अर्धी वाटी भाजली. मिक्सरला लावलं. येसर माझ्या डब्यात होता. गहू, हरभरा आणि मसाले भाजून दळलेली ती पूड भावजय दरवर्षी पाठवते, मी ती आमटीला वापरते. माय म्हणाली, "येसर शेवटाला. आधी टाकलास तर बुडाला बसंल."

दीड तास झाला. मांस दाबून पाहिलं तर अजून निबर होतं. माय म्हणाली, "शिजू दे. तवर बस जरा." मी तिच्या पायाशी बसले. घरभर वास सुटला होता. मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, दारही लावलं होतं. पंखा बंद, हॉलमध्ये घामाच्या धारा. माय त्या बंद खिडक्यांकडं बघत होती.

"तू पोटात व्हतीस तवा लई दुष्काळ व्हता," ती म्हणाली. "रानात काम न्हाई. तुझ्या बापाला मुखेडच्या बाजारात हमाली भेटली की त्यो हे आणायचा. म्या नळीचा रस्सा प्यायची. तू झालीस तर सुईण म्हणली, पोर अंगानं चांगलं हाय. दूधबी लई आलं मला."

ती हे टोमणा मारायला बोलत नव्हती. तिला ते आठवलं होतं आणि ती सांगत होती. वसतिगृहातून घरी जाऊन काय बोलले होते ते तिला आठवत असेल का, असं मनात आलं. मग वाटलं, पंचवीस-तीस वर्षं ज्या गोष्टीनं तिची चूल बदलली ती गोष्ट ती कशी विसरेल?

"माय, मी तुला त्या दिवाळीला बोलले..."

"शिजलं का बघ जा," ती म्हणाली.

मी उठले आणि तेवढ्यात दार वाजलं.

काकू होत्या. हातात दह्याची वाटी. दार उघडताच त्या थबकल्या. "खिडक्या लावून काय करून राहिल्या ओ? उकडून मराल की." मग त्यांनी श्वास घेतला. "मटण केलं का? मायला? बरं केलं. पण वास वेगळाच येऊन राहिला."

हे घर भाड्यानं घेताना काकूंनी मला विचारलं होतं, "तुम्ही कुठले?" मी म्हणाले, बिलोलीकडचे. "तसं न्हाई, तुम्ही कुठले म्हणजे..." मी म्हणाले, आम्ही दोघंही नोकरदार आहोत. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. त्यांनी पुढं विचारलं नाही, मी पुढं सांगितलं नाही. सहा वर्षं त्या मला संक्रांतीला वाण देत होत्या. माझ्या तापात त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या.

"हाव, मटणच," एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर तेच आलं होतं. मागं खाटेवर माय होती. ती ऐकत होती.

"मटण न्हाई काकू," मी म्हणाले. "मोठ्याचं हाय. म्हशीचं. आमच्यात खातात. मायला तेच लागत होतं."

काकूंनी दाराची चौकट धरली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दूधवाल्यानं एकदा त्यांना त्यांच्या भावाची वाईट बातमी सांगितली होती, तेव्हाही त्या अशाच उभ्या राहिल्या होत्या. मागून मायची धडपड ऐकू आली. ती कोपरावर उठायचा प्रयत्न करत होती. "मालकीणबाई, माझ्यापायी झालं हे. लेकीला बोलू नका. ती खात न्हाई. तिनं कवाच सोडलंय."

"मी कुठं बोलले," काकू म्हणाल्या. त्या वळल्या आणि जिना चढून गेल्या. दह्याची वाटी त्यांच्या हातातच राहिली.

मी दार लावलं आणि मायला टेकून बसवलं. ती कापत होती. "सांगितलंस कामून? मटण म्हणायचं व्हतं की. काय बिघडत व्हतं?" मी स्वयंपाकघरात जाऊन मांस दाबून पाहिलं. दोन बोटांत विरघळलं. वाटण घातलं, येसर पाण्यात कालवून सोडला, दोन उकळ्या आणल्या. मग मी सगळ्या खिडक्या उघडल्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि मायला खरंच फार उकडत होतं.

ज्वारीची गरम भाकरी ताटात कुस्करली आणि वरून रस्सा ओतला. मायनं पहिला घास घेतला. चावला नाही, तोंडात धरून ठेवला. डोळे मिटले. मग गिळला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." मी मीठ दिलं. तिनं घातलं, कालवलं आणि जेवायला लागली. अख्खी भाकरी संपवली, रस्सा दुसऱ्यांदा घेतला. नळी उभी धरून ताटावर आपटली, आतला गर काढून खाल्ला. तिच्या हनुवटीवर तेल ओघळलं होतं ते मी पुसलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिनं तृप्तीची ढेकर दिली.

मग मी माझं ताट घेतलं. मायनं नुसतं पाहिलं.

मी एक तुकडा तोंडात घातला. यापुढचं लिहायला मला अवघड जातं. तो घास घेतल्यावर माझं लहानपण परत येईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मला ते आवडलं नाही. चव जड लागली, घशाशी आलं. आठवीतल्या त्या नळाची, ओकणाऱ्या मुलीची आठवण आली. मी पाण्याच्या घोटाबरोबर तो तुकडा गिळला आणि दुसरा उचलला.

"रेटू नकु," माय म्हणाली. "जिभेवर जबरी करू न्हाई. तू रांधलंस, मला पोचलं."

मी तो तुकडा खाली ठेवला आणि रस्सा भाकरी खाल्ली. रस्सा चांगला झाला होता.

त्या दिवसापासून दह्याची वाटी आली नाही. काकू जिन्यात भेटल्या तर "कशी हाय माय?" विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता वर जायच्या. मी दर रविवारी कालवण करत राहिले. माय वॉकर धरून उभी राहायला लागली, मग खिडकीपर्यंत चालायला लागली. नवरा पंधरा दिवसांनी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सांगितलं ते बरं केलंस. पण घर बघायला लाग."

त्याचं खरं झालं. महिनाभरानं काकू खाली आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मला वाईट वाटतं बोलायला. तुमच्यावाणी माणसं मला पुन्हा भेटायची न्हाईत. पण माझं मन मोठं न्हाई ओ. वास आला की मला देवापुढं बसवत न्हाई. लई समजावलं मनाला. जमंना."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"मायचं बरं होऊ द्या. घाई न्हाई." बोलताना त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण मला राग आला होता आणि रागानं ते कोरडे राहिले. पट्ट्या ठेवणारा हात आणि घर सोडा म्हणणारं तोंड एकाच बाईचं आहे, हे मला आजही नीट जुळवता येत नाही. त्यांना वाईट म्हणावं तर जीभ उचलत नाही. चांगलं म्हणावं तर मायचा तो कापणारा कोपर दिसतो.

घर शोधताना मी या वेळी आधीच सांगायचं ठरवलं. पहिल्या दोन ठिकाणी मालकांनी "कळवतो" म्हटलं आणि कळवलं नाही. तिसऱ्या ठिकाणी, नांदेड रोडच्या पलीकडं, एका निवृत्त ड्रायव्हरचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यानं ऐकून घेतलं, पान थुंकला आणि म्हणाला, "शिजवा की. मागचं दार उघडं ठिवा म्हंजे वाफ जाईल. भाडं तेवढं टायमावर द्या." खोल्या लहान होत्या, नळाला एक दिवसाआड पाणी. आम्ही सामान टेम्पोत भरलं त्या दिवशी काकू गॅलरीत उभ्या होत्या. मायनं रिक्षात बसताना वर बघून हात जोडले. काकूंनीही जोडले. मी वर पाहिलं नाही.

नव्या घरात माय अडीच महिने राहिली. शेवटी शेवटी ती काठी टेकत स्वतः गॅसपाशी उभी राहायची आणि मला बाजूला सारायची. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिनं आजीच्या भगुन्यात डोकावून विचारलं, "हे काय आहे?" मायनं पटकन माझ्याकडं पाहिलं. मी मुलीला जवळ बसवून सगळं सांगितलं, वसतिगृहाचंही. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. मग आजीला म्हणाली, "मला थोडं वाढ, बघू कसं लागतं." तिनं खाल्लं. तिला आवडलं. मला त्याचं नवल वाटलं आणि थोडा हेवाही.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी भाऊ येऊन मायला गावी घेऊन गेला. आता मी संध्याकाळी ड्युटी संपल्यावर तिला फोन करते. "काय जेवलीस?" विचारते. पूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर असायचं, डाळ-भाकरी. आता ती खरं सांगते. कधी म्हणते पिठलं केलं होतं, कधी म्हणते भूकच नव्हती. परवा म्हणाली, "आज मोठ्याचं व्हतं. सूनबाईनं केलं. येसर जास्त पडला व्हता, पर बरं झालं व्हतं." मागं अंगणात कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी तिला काही विचारत होतं. ती त्यांच्याशी बोलली, मग फोन तोंडाशी आणून म्हणाली, "आन् तू जेवलीस का न्हाई अजून?"